घरी बीअर बनवताना येणारा वास: तक्रार दर बॅचला परत का येते

माझ्या घरी ही तक्रार किती वेळा झाली याची मोजदाद मी कधीच सोडून दिली. मी बॅच लावायची, घरातल्यांनी नाकं मुरडायची, मी खिडक्या उघडायच्या, आठवड्याभरात सगळ्यांनी विसरायचं आणि पुढच्या बॅचला पहिले पाढे पंचावन्न. मधल्या काळात मी एक्झॉस्ट पंखा बदलला, सुगंधी फवारे आणले, उकळत्या पातेल्यावर झाकण ठेवलं (हे तर फारच वाईट, पुढे सांगतो) आणि फर्मेंटर (बीअर आंबवायचं बंद भांडं) या खोलीतून त्या खोलीत फिरवला. एकाही उपायाने तक्रार कायमची मिटली नाही. कारण मी ‘वास’ नावाच्या एकाच शत्रूशी लढत होतो, आणि प्रत्यक्षात ते चार-पाच वेगवेगळे वास होते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या भोकांतून येणारे.

तुमच्याकडेही हेच चालू असेल तर पंखा विकत घ्यायच्या आधी हे वाचा.

तक्रारीतला शब्द ऐका

वासाला आपल्याकडे शब्दांची कमी नाही, आणि वैतागलेला माणूस त्यातला नेमका शब्द उचलतो. आई ‘कसला घमघमाट सुटलाय रे’ म्हणते तेव्हा मॅश, म्हणजे माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवणं, चालू असतो. बायको ‘कोबी उकडतोयस का?’ विचारते तेव्हा वॉर्ट, म्हणजे मॅशमधून गाळलेलं गोड पाणी, उकळत असतो. ‘काहीतरी नासलंय’ हे बॅच लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐकू येतं. आणि ‘कुबट येतंय’ हे येतं चौथ्या आठवड्यात, जेव्हा बीअर बाटल्यांत भरून झालेली असते आणि माझ्या मते घरात वास यायला कारणच उरलेलं नसतं.

मी बरीच वर्षं या चारही वाक्यांचा अर्थ एकच लावत होतो: ‘तुझा हा उद्योग बंद कर.’ तो अर्थ पूर्ण चुकीचा होता असं नाही म्हणणार. पण निदान करायचं तर शब्द तसाच्या तसा लिहून ठेवावा लागतो. फ्रिजवर एक कागद लावा. वार, वेळ, खोली, आणि ज्याला वास आला त्याच्या तोंडचा शब्द. स्वतःचा शब्द लिहू नका.

स्वतःचा का नाही? कारण आपलं नाक या कामात सगळ्यात कुचकामी असतं. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. तुम्ही पाच तास पातेल्यापाशी उभे असता, तेव्हा ‘मला तर काही येत नाही’ हे खरं असलं तरी पुरावा म्हणून त्याला काडीची किंमत नाही. बाहेरून आत येणाऱ्याला जे येतं तेच खरं. घरात दुसरं कोणी नसेल तर वीस मिनिटं बाहेर चक्कर मारून या आणि दार उघडल्यावर पहिल्या दोन-तीन श्वासांत काय जाणवतं ते टिपा. चौथ्या श्वासाला नाक पुन्हा बेइमान व्हायला लागतं.

शिवाय आपल्याला त्या वासामागे बीअर दिसत असते. घरातल्यांना फक्त वास येतो.

बॅचचा दिवस

मॅशच्या वासाबद्दल फार लिहायची गरज नाही. साधारण ६५ ते ६८ अंशांवर भिजत पडलेला माल्ट भाजक्या धान्यासारखा, गोडसर दरवळतो आणि बहुतेकांना तो आवडतो. माझ्याकडे तर मॅशच्या वेळी मुलगी स्वयंपाकघरात येऊन बसते आणि उकळी सुरू झाली की उठून जाते. कागदावर मॅशबद्दल तक्रार असलीच तर ती बहुधा तळाला लागल्याची असते: करपट वास, म्हणजे पातेलं थेट आचेवर होतं आणि ढवळायचं राहिलं. तो वास घरातून दोन दिवसांत जाईल, बीअरमधून जाणार नाही.

खरी भानगड उकळीची. त्यातला कोबीचा किंवा उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा, म्हणजे डीएमएसचा. माल्टमध्ये एसएमएम नावाचं त्याचं पूर्वरूप असतं, ते उष्णतेने फुटतं आणि डीएमएस तयार होतो. फिकट माल्टमध्ये, विशेषतः पिल्सनर माल्टमध्ये, हे पूर्वरूप जास्त उरलेलं असतं, कारण तो कमी उष्णतेवर सुकवतात. डीएमएस ३७ अंशांच्या आसपासच उकळतो, त्यामुळे १०० अंशांच्या वॉर्टमधून तो वाफेबरोबर झपाट्याने निघून जातो आणि सरळ घरात येतो. बीअरसाठी हे उत्तम, घरच्यांसाठी नाही. एसएमएमचं प्रमाण उकळीत साधारण ४० मिनिटांत निम्मं होतं. म्हणजे तासाभराने सुमारे ३५ टक्के उरतं, दीड तासाने २० टक्क्यांच्या आसपास.

आता झाकणाचं बघा. वास अडवायला मी झाकण ठेवलं, तेव्हा डीएमएस झाकणाला थंड होऊन थेंबांबरोबर परत वॉर्टमध्ये पडत होता. घरात वास कमी झाला, ही गोष्ट खरी. पण तीन आठवड्यांनी ग्लासात कोबी आला. ती बॅच मी हट्टाने संपवली. पाणी तापून उकळी फुटेपर्यंत झाकण ठेवायला हरकत नाही, उकळी फुटल्यावर मात्र काढायचं. अर्धवट सरकवून ठेवलं तरी चालतं, वाफेला रस्ता मिळाला म्हणजे झालं.

वासापेक्षा वाफेकडे बघा, असं मी आता सांगतो. २० लिटरच्या बॅचमध्ये तासाभरात तीन-चार लिटर पाणी सहज उडतं, आणि एका लिटर पाण्याची वाफ होते साधारण १,७०० लिटर. ही सगळी वाफ कुठेतरी जाऊन बसते: भिंतीवर, कपाटाच्या वरच्या फळीखाली, पडद्यांत. आणि ती बसते तिथे हॉप्सची (बीअरला कडवटपणा देणाऱ्या वाळलेल्या फुलांची) तेलं आणि माल्टचा गोडवाही घेऊन बसते. वास दुसऱ्या दिवशी ‘उरतो’ तो हवेतून नव्हे, या थरातून. माझ्याकडे कपाटाच्या वरच्या कडेला बोट फिरवलं तर तपकिरी, किंचित चिकट पूट निघायचं. कुबटपणाची अर्धी कथा तिथेच होती. पाठीमागे, जिथे हात पोचत नाही, तिथे काळी बुरशीही धरली होती.

तेव्हा पंखा. हवा बाहेर फेकणारा पंखा हवा, नुसती गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी नको. कोळशाच्या फिल्टरची चिमणी थोडाफार वास पकडते, पण वाफ तशीच परत खोलीत येते, आणि ओला झालेला कोळसा वासही धड पकडत नाही. दुसरी गोष्ट, जिच्यावर मी दोन वर्षं वाया घालवली: पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत आली पाहिजे. खिडक्या बंद ठेवून पंखा लावला तर तो नुसता घुमत राहतो, आणि वाफ दाराखालून शेजारच्या खोलीत पसरते. पातेल्याच्या जवळची खिडकी उघडण्यापेक्षा लांबची, समोरच्या बाजूची फटभर उघडा, म्हणजे हवा खोलीभरून पातेल्याकडे आणि तिथून बाहेर जाईल. इतर खोल्यांची दारं बंद. पंखा उकळी फुटण्याआधी लावा आणि वॉर्ट थंड होईपर्यंत चालू ठेवा. उकळी संपली की लगेच पंखा बंद करायची सवय असते, पण हॉप्स घातलेलं गरम पातेलं पुढचा अर्धा तास वाफ सोडतच असतं.

गॅसच्या मोठ्या शेगडीवर काम करत असाल तर हवा आत येण्याची सोय वासापेक्षा कार्बन मोनॉक्साइडसाठी जास्त महत्त्वाची आहे. बाहेर वापरायच्या प्रोपेन शेगड्या घरात पेटवू नका, खिडकी उघडी असली तरीही.

पंखा लावायची सोयच नसेल तर दोन रस्ते. एक, पातेल्यावर बसवायचं वाफ थंड करणारं झाकण: वाफ पाइपातून जाते, तिच्यावर थंड पाण्याची बारीक फवार पडते, आणि सगळं गरम पाणी होऊन मोरीत जातं. डीएमएसही त्याच वाटेने बाहेर पडतो, म्हणून हे झाकण वर सांगितलेल्या झाकणासारखं घातक नाही. तासाला वीस-तीस लिटर पाणी लागतं. दुसरा रस्ता म्हणजे मॅशच सोडून माल्ट एक्स्ट्रॅक्टवर, म्हणजे माल्टच्या तयार अर्कावर, येणं. एक्स्ट्रॅक्ट तयार होतानाच बराचसा डीएमएस गेलेला असतो, उकळी अर्ध्या तासात आटपते, आणि ओलं धान्यही मागे उरत नाही. यात कमीपणा मानणारे लोक असतात. ते घरी एकटेच राहतात का, बघा.

हॉप्सचा वास वेगळा मोजावा लागतो. पहिली मूठ पडते तेव्हा जो उग्र, राळेसारखा भपकारा उठतो तो मुख्यतः मिर्सीनसारख्या उडून जाणाऱ्या तेलांचा. कडवटपणासाठी सुरुवातीला घातलेल्या हॉप्समधली ही तेलं जवळजवळ सगळी घरातच जातात. कागदावर ‘खवट’, ‘चीजसारखा’ किंवा ‘मोज्यांचा’ वास लिहिलेला आढळला तर हॉप्सचं पाकीट तपासा. जुन्या किंवा उघड्या राहिलेल्या हॉप्समधली आम्लं विघटित होऊन आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, आणि घामट पायांचा वासही त्याच आम्लाचा असतो. उरलेले हॉप्स हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवले की हा प्रश्न संपतो.

फर्मेंटेशन: अंड्यांची गोष्ट

माझी पहिली लागर होती, म्हणजे थंडात, सावकाश आंबवायची बीअर. फर्मेंटर एका जुन्या फ्रिजमध्ये, त्याला तापमान नियंत्रक लावलेला, आणि शेजारी घरचा रोजचा फ्रिज. तिसऱ्या दिवशी आईने रोजच्या फ्रिजमधली अंडी टाकून दिली. मी काही बोललो नाही, कारण मला कसलाच वास येत नव्हता. पाचव्या दिवशी तिने नवी आणलेली अंडी एकेक करून पातेल्यातल्या पाण्यात सोडली. सगळी तळाला आडवी बसली, म्हणजे ताजी. ती तशीच पातेल्याकडे बघत उभी राहिली, मग दोन पावलं बाजूला सरकून तिने जुन्या फ्रिजचं दार उघडलं. आत एअरलॉकमध्ये (बुचातली पाण्याची नळी, वायू बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) एक बुडबुडा फुटला. तिने दार लावलं आणि मला हाक मारली. पूर्ण नावाने.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. यीस्टला गंधक असलेली अमिनो आम्लं बनवायची असतात, त्यासाठी ते सल्फेटचं सल्फाइड करतं, आणि ते सल्फाइड पुढे जोडायला नत्र कमी पडलं किंवा त्या यीस्टचा वाणच तसा असला की उरलेलं बाहेर पडतं. नाकाला हा वायू अब्जात एखादा भाग असला तरी कळतो, त्यामुळे अगदी नगण्य प्रमाणही घरभर होतं. लागर यीस्ट यात बदनाम आहे. सफरचंदाच्या सायडरमध्ये आणि मधाच्या मीडमध्ये नत्रच कमी असतं म्हणून तिथेही हा वास हमखास येतो.

बीअर बिघडली असं समजू नका. जोरात फर्मेंट होत असताना हा वायू कार्बन डायऑक्साइडबरोबर वाहून जातो, आणि बाटली भरेपर्यंत मागमूसही राहत नाही. लागर थंड असते, हळू चालते, म्हणून वास जास्त दिवस रेंगाळतो. शेवटी तापमान काही अंशांनी वाढवून दोन-तीन दिवस ठेवलं की उरलासुरला निघून जातो. सायडर-मीडला यीस्टचं खाद्य सुरुवातीलाच, एक तृतीयांश साखर संपायच्या आत द्यावं. शेवटी दिलेलं यीस्ट वापरत नाही आणि ते बाकीच्या जंतूंच्या कामी येतं. तांब्याचा तुकडा टाकून वास घालवायची जुनी युक्ती तुमच्या कानावर येईल. तांबं सल्फाइडला खरंच धरतं, पण आंबट पेयात तांबं किती उतरलं ते घरी मोजता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

घरातल्यांसाठी मात्र इथे एक मोठी सोय आहे, ती लक्षात यायला मला चार बॅच लागल्या. उकळीचा वास हातभर रुंद पातेल्यातून येतो. फर्मेंटेशनचा सगळा, अगदी सगळा वास एकाच बोटभर भोकातून बाहेर पडतो. त्या भोकाला नळी लावा आणि घराबाहेर न्या. एअरलॉक काढून बुचात आठ-दहा मिलिमीटरची सिलिकॉन नळी बसवा, ती एका बरणीतल्या पाण्यात बुडवा, आणि बरणीच्या झाकणातून दुसरी नळी खिडकीबाहेर काढा. मध्ये एक रिकामी बरणी जरूर ठेवा: फर्मेंटर, मग रिकामी बरणी, मग पाण्याची बरणी. तापमान उतरलं की फर्मेंटर आत हवा ओढतो आणि पाणी उलटं चढतं. रिकामी बरणी नसेल तर ते पाणी तुमच्या बीअरमध्ये जातं.

पाण्याऐवजी धुण्याच्या सोड्याचं द्रावण ठेवलं तर हायड्रोजन सल्फाइड त्यात अडकेल, असं डोकं मी एकदा चालवलं होतं. रसायन म्हणून बरोबर. पण २० लिटर मध्यम बीअरमधून पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तोही सोड्याला तितक्याच आवडीने चिकटतो. हिशेब केला तर पावणेदोन-दोन किलो सोडा लागला असता. माझ्या बरणीत दोन चमचे होते. अर्ध्या तासात त्याचं काम संपलं असेल.

कोळशाचं तसं नाही. खिडकीपर्यंत नळी नेणं शक्य नसेल तर नळीचं टोक सुट्या अॅक्टिव्हेटेड कोळशाच्या डब्यात सोडा. एस्टरचे फळांसारखे वास आणि हॉप्स तो चांगले धरतो. अंड्याचा वास साधा कोळसा थोडाच धरतो, त्यासाठी क्षार मुरवलेला कोळसा मिळतो तो घ्या. डब्यात फेस शिरू देऊ नका, ओला कोळसा निकामी. फर्मेंटरमध्ये वर पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवली तर फेस सहसा नळीपर्यंत येत नाही. गव्हाच्या बीअरचं यीस्ट याला अपवाद, ते कुठेही येतं.

पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे जवळपास ४०० लिटर वायू, आणि तो बहुतेक सगळा चार-पाच दिवसांत येतो. मोठ्या खोलीत ते कळणारही नाही. पण वास नको म्हणून फर्मेंटर झोपायच्या लहान खोलीतल्या बंद कपाटात कोंबू नका, आणि तीन-तीन फर्मेंटर एका कोठीत तर नाहीच. झाकण वर उघडणाऱ्या फ्रीझरमध्ये फर्मेंटर असेल तर वाकून वास घेऊ नका. हा वायू हवेपेक्षा जड, तळाला साठून राहतो, आणि नाकात झिणझिण्या आल्या म्हणजे तुम्ही तोच घेताय. आठ तासांच्या कामासाठी त्याची मान्य मर्यादा आहे हवेच्या अर्धा टक्का.

आणि घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: वास येतो म्हणून एअरलॉकचं भोक कोणी बंद करायचं नाही. माझ्याकडे एकदा चिकटपट्टी लावलेली सापडली होती, वेळेत. काचेच्या फर्मेंटरला ती लावली गेली असती तर स्वयंपाकघरात काचा असत्या.

सगळ्या वासांना विरोध होतोच असं नाही. गव्हाच्या बीअरच्या यीस्टमुळे घरात केळ्याचा वास येतो (आयसोअमाइल अॅसिटेट), त्याच्या मागे थोडी लवंग. त्या आठवड्यात कागदावर काही लिहिलं जात नाही. मी पाहुणे यायचे असतील तेव्हा गव्हाचीच बॅच लावतो.

चौथ्या आठवड्यातला कुबट वास

तक्रार ‘परत परत’ येण्याचं खरं कारण माझ्या मते इथे आहे, आणि जवळजवळ कोणीच इथे शोधत नाही. उकळीचा वास जातो, फर्मेंटेशनचा जातो. राहतो तो कचऱ्याचा.

ओलं धान्य सगळ्यात आधी. पाच किलो माल्ट वापरलात तर सहा-साडेसहा किलो ओला चोथा उरतो, आणि त्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. कोमट, ओलं, थोडी साखर शिल्लक: जंतूंना आणखी काय हवं? उबदार दिवसांत तो दुसऱ्या दिवशीच आंबट होतो, आणि हवा न लागलेल्या ढिगाच्या पोटात ब्युटिरिक आम्ल तयार झालं तर थेट ओकारीचा वास येतो. ‘उद्या टाकतो’ हे वाक्य या बाबतीत उच्चारूच नका. त्याच संध्याकाळी घराबाहेर गेला पाहिजे. कंपोस्टमध्ये टाकायचा तर दुप्पट सुका पाला मिसळून, पातळ थरात. ठेवायचाच असेल तर पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये. ओव्हनमध्ये सुकवायला गेलात तर चार तास मॅशचा घमघमाट पुन्हा, आणि चौथ्या तासाला तो कोणालाच आवडत नाही. हॉप्सचा गाळ या चोथ्यात मिसळू नका. कुत्र्यांसाठी हॉप्स विषारी असतात, खाल्ले तर अंगातलं तापमान जीवघेणं चढतं. कुत्रा असलेल्या घरी हॉप्सचा गाळ उघड्या कंपोस्टमध्येही नको.

मग मोरी. पातेल्याचा तळगाळ, यीस्टचा रगडा, सांडलेला वॉर्ट, सगळं सिंकमध्ये जातं आणि सिंकखालच्या वाकड्या पाइपात जाऊन बसतं. यीस्ट तिथे काही दिवस कामच करत राहतं, मग मरतं आणि कुजतं. मी महिनाभर फर्मेंटरवर संशय घेत होतो. शेवटी खाली बादली ठेवून तो वाकडा पाइप उघडला तर आतून राखाडी, शेवाळासारखं बुळबुळीत लांबडं एक सलग बाहेर आलं, हॉप्सचे हिरवे कण त्यात जडवल्यासारखे. बायको मागे उभी होती. ‘हाच’, म्हणाली, एका शब्दात. तिने कागदावर तीन आठवडे ‘कुबट, सिंकजवळ’ लिहिलं होतं. मी ते ‘स्वयंपाकघर’ असं वाचत होतो.

आता गाळ सिंकमध्ये न घालता फडक्यातून गाळून कचऱ्यात टाकतो, आणि बॅचच्या शेवटी गरम पाण्यात परकार्बोनेटचं (ऑक्सिजन सोडणाऱ्या धुण्याच्या पुडीचं) द्रावण मोरीत ओतून वरून भरपूर पाणी सोडतो. ब्लीच वापरायचं असेल तर त्याआधी किंवा नंतर आम्लाचा सॅनिटायझर त्याच सिंकमध्ये ओतू नका, दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो.

बाकी जागा पटापट: फेस चढून वाळलेली नळी (धुण्यापेक्षा बदलणं स्वस्त), ब्लो-ऑफच्या, म्हणजे फर्मेंटरची नळी बुडवलेल्या, बरणीतलं पाणी (दोन दिवसांनी बदला, नाहीतर चिलटं येतात आणि त्यांच्याबरोबर व्हिनेगर करणारे जंतू), एअरलॉक आटला आहे का, रिकाम्या फर्मेंटरचं ओलं झाकण घट्ट लावून ठेवलं आहे का. रिकामा फर्मेंटर उघडा, पालथा वाळवायचा. हॉप्सचा वास पकडलेला जुना प्लॅस्टिकचा फर्मेंटर कितीही धुतला तरी वास सोडत नाही. तो आता गॅलरीत असतो, माल्टचं पोतं ठेवायला.

वास बीअरमध्येच असेल तर

कागदावरच्या शब्दांपैकी काही घराचे नसून बीअरचे असतात. बरणीतून व्हिनेगर येतोय आणि तुम्ही पेरॅसेटिक आम्लाचा सॅनिटायझर वापरत नाही, तर हवा शिरली आहे. ओकारीचा वास फर्मेंटरमधून आला तर जंतू शिरले आहेत. औषधी, मलमपट्टीसारखा वास आला तर पाण्यातलं क्लोरीन किंवा नीट न खळबळलेलं ब्लीच माल्टच्या फिनॉलला जाऊन चिकटलं आहे. पुढच्या वेळी पाण्यात कॅम्पडेनची (क्लोरीन मोडणारी) एक गोळी टाका, ती ७५ लिटरपर्यंत पुरते. या बॅचला उपाय नाही. रबरासारखा वास म्हणजे बीअर मेलेल्या यीस्टच्या थरावर फार दिवस बसली.

सुगंधी फवाऱ्यांनी यातलं काहीच जात नाही, कोबी आणि चमेली दोन्ही येतात.

अजून न सुटलेलं

आमच्याकडे सध्या कागदावर एकच ओळ सातत्याने येते: ‘शनिवार, रात्री, कपाट, कपड्यांना.’ ड्राय हॉपिंगच्या वेळी, म्हणजे वासासाठी फर्मेंटरमध्येच हॉप्स घालताना, फर्मेंटर उघडतो तो मिनिटभरच, आणि खोली कपाटापासून लांब आहे. नळी बाहेर आहे, मोरी साफ आहे, पडदे धुतले. गेल्या बॅचला हॉप्स तोलताना माझ्या स्वेटरच्या बाहीवर हिरवी पूड दिसली आणि तोच स्वेटर मी कपाटात परत टांगतो हे लक्षात आलं. या शनिवारी जुना अॅप्रन घालून हॉप्स घालणार आहे. रविवारी कागदावर काय येतं ते बघू.